‘सेइशुन १८’ तिकीट : जपानात शिकवणाऱ्यांना परवडणारे, पण शनिवार-रविवारला न जुळणारे

जपानमधील जेआर (जपान रेल्वे) समूहातील कंपन्यांचे ‘सेइशुन १८’ हे हंगामी तिकीट पर्यटकांच्या मार्गदर्शिकांमध्ये एखाद्या ओळीत आटोपले जाते. तेथे राहून इंग्रजी शिकवणाऱ्या परदेशी शिक्षकांच्या सुट्ट्यांचे बेत मात्र बऱ्याच अंशी याच तिकिटाभोवती ठरतात. ओकायामा प्रांतातील सरकारी शाळांमध्ये सहायक भाषा-शिक्षक, म्हणजे तेथल्या भाषेत ‘एएलटी’, म्हणून काम करताना मी ते जुन्या नियमांनी वापरले आणि २०२४ च्या हिवाळ्यापासून लागू झालेल्या नव्या नियमांनीही वापरले. इंदूरला परतल्यापासून राजेंद्रनगरातल्या एखाद्या हळदीकुंकवात किंवा सानंद या संस्थेच्या नाटकाच्या मध्यंतरात, जपानला शिकवायला निघालेली कुणी मुलगी किंवा तिची आई विचारतेच, “ताई, तो रेल्वेचा पास इथूनच काढून न्यायचा का?” या प्रश्नाला मध्यंतरापुरते उत्तर देता येत नाही, म्हणून हे सविस्तर परीक्षण.

प्रथम एक घोटाळा दूर करणे आवश्यक आहे. विचारणाऱ्यांच्या मनात असतो तो ‘जपान रेल पास’, आणि तो अल्पकालीन पाहुण्यांसाठीच आहे. शिक्षकाचा व्हिसा मिळवण्यासाठी आपल्याकडच्या उमेदवाराला पदवीबरोबरच बारा वर्षे इंग्रजी माध्यमात शिकल्याचे कागद दाखवावे लागतात. एवढी खटपट करून तो व्हिसा हाती आला, की पर्यटकांना मिळणारी ही सवलत आपोआप हातची जाते. अर्थात त्या पासविषयी फार हळहळण्याचेही कारण उरलेले नाही, कारण ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच्या सात दिवसांच्या सर्वसाधारण आवृत्तीची किंमत २९,६५० येनवरून एकदम ५०,००० येन झाली.

‘सेइशुन १८’ मात्र कोणालाही घेता येते. १९८२ मध्ये सुरू झालेल्या या तिकिटाच्या नावात अठराचा आकडा असला, तरी वयाची अट नाही. जपानभरातील जेआरच्या साध्या आणि ‘रॅपिड’ गाड्यांमधून ठरलेल्या दिवसांत वाटेल तितका प्रवास करता येतो. सलग तीन दिवसांच्या तिकिटाला १०,००० येन आणि सलग पाच दिवसांच्या तिकिटाला १२,०५० येन पडतात. ढोबळ हिशेबाने साडेपाच-सहा हजार आणि सात हजार रुपये. ते वर्षातून तीन हंगामांत चालते : मार्चच्या आरंभापासून एप्रिलच्या पहिल्या दहा दिवसांपर्यंत, जुलैच्या २० तारखेच्या सुमारापासून सप्टेंबरच्या पहिल्या दहा दिवसांपर्यंत, आणि डिसेंबरच्या १० तारखेच्या सुमारास सुरू होऊन जानेवारीच्या १० तारखेपर्यंत.

हे हंगाम शाळांच्या सुट्ट्यांना धरून आहेत, आणि शिक्षकाच्या जीवनक्रमाशी ते इतके जुळतात त्याचे कारणही तेच. एएलटीचा आठवडा बाहेरून वाटतो तितका मोकळा नसतो. एकाच वेळी दोन-तीन शाळा सांभाळायच्या, सायकलीवरून एकीकडून दुसरीकडे जायचे, स्थानिक शिक्षकाबरोबर जोडीने तास घ्यायचे, दुपारी मुलांच्याच वर्गात बसून शाळेचे जेवण आणि त्याबरोबरचे दूध संपवायचे, आणि नंतर त्यांच्याबरोबर फडके घेऊन वर्ग पुसायचा. (शाकाहारी शिक्षकाने या जेवणाविषयी पहिल्या आठवड्यातच मुख्याध्यापकांशी स्पष्ट बोलून डबा नेण्याची परवानगी घ्यावी, वरकरणी निव्वळ भाज्यांच्या दिसणाऱ्या सारातही माशाचा अर्क असतो.) २०२० पासून पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय झाल्यामुळे प्राथमिक शाळांतले तासही कमी नसतात. पण उन्हाळी सुट्टी लागली की चित्र पालटते. खासगी कंपनीमार्फत नेमलेल्या शिक्षकांपैकी अनेकांना ऑगस्टमध्ये काम नसते आणि त्या महिन्याचा पगारही कापला जातो किंवा बुडतो. भरपूर दिवस आणि हलका खिसा अशा अवस्थेतल्या माणसाला ताशी तीनशे किलोमीटरची शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, काय कामाची? ओकायामाहून हिरोशिमाला ती सुमारे चाळीस मिनिटांत पोहोचवते आणि साडेपाच हजार येनच्या आसपास घेते. साध्या गाडीला वाटेत इतोझाकीसारख्या स्थानकावर बदली धरून तीन तास लागतात. सुट्टीतल्या शिक्षकाला हे तीन तास महाग नसतात.

माझा मुख्य आक्षेप नव्या नियमांविषयी आहे. पूर्वी त्याच १२,०५० येनमध्ये पाच दिवस मिळत आणि ते हंगामात केव्हाही, सुटे सुटे वापरता येत. या शनिवारी एक दिवस, पुढच्या रविवारी दुसरा, उरलेले सुट्टीत, अशी विभागणी करता येई. शिवाय एकच तिकीट पाच जणांना मिळून एका दिवसासाठी वापरता येत असे, म्हणजे माणशी २,४१० येन. आसपासच्या गावांत विखुरलेले आम्ही शिक्षक, कुणी फिलिपाइन्सची, कुणी आयर्लंडचा, एरवी आठवडेच्या आठवडे आपापल्या शाळांतच अडकलेले असू. शनिवारी एकत्र येण्याचे निमित्त बहुधा हेच तिकीट असे. सगळ्यांनी एकत्रच जायचे आणि एकत्रच यायचे, या अटीमुळे दिवसभर गप्पा होत आणि शाळांतली गाऱ्हाणी परस्पर निकालात निघत. नव्या तिकिटात दिवस सलग धरावे लागतात आणि ते एकाच व्यक्तीने वापरायचे असते. बदल्यात स्वयंचलित फाटकातून ते चालते, कर्मचाऱ्याकडून शिक्का मारून घेण्यासाठी रांगेत उभे राहावे लागत नाही. ही सोय खरी आहे. मात्र ज्या किमतीला ती घेतली गेली, ती मला फार वाटते.

शनिवार-रविवार मिळून दिवस दोन आणि लहानात लहान तिकीट तीन दिवसांचे, इथेच नोकरदाराचे गणित फसते. सोमवारी सार्वजनिक सुट्टी आली तर साधेल असे वाटते, परंतु जपानच्या सोमवारच्या सुट्ट्या बहुतेक या हंगामांच्या बाहेर किंवा अगदी काठावर पडतात. मार्चमध्ये २० तारखेच्या सुमारास येणारी विषुवदिनाची सुट्टी शुक्रवारी किंवा सोमवारी आली, तरच नियमित शाळा चालू असताना हे तिकीट उपयोगी पडू शकते. थोडक्यात, जे तिकीट पूर्वी शनिवार-रविवारचेही होते, ते आता केवळ लांब सुट्टीचे झाले आहे.

पैसे वसूल होतात का, हेही वाटते तितके सोपे नाही. वसंताच्या सुट्टीत आई इंदूरहून आली, तेव्हा आम्ही दोघींनी तीन-तीन दिवसांची तिकिटे घेतली. माझे गाव हाकुबी मार्गावर, ताकाहाशी नदीच्या काठाकाठाने जाणाऱ्या दोन डब्यांच्या गाडीचे. तिथली बरीच स्थानके कर्मचाऱ्यांविना चालतात; मागच्या दाराने चढायचे, पुढच्या दाराने उतरताना चालकाला तिकीट दाखवायचे. खिडकीतून डोंगर, बोगदे आणि खालचे पाणी पाहून आईला साहजिकच इंदूरजवळची पाताळपाणी-कालाकुंडची गाडी आठवली. पहिल्या दिवशी आम्ही ओनोमिचीला उतरून, टेकडीवरची देवळे पाहून हिरोशिमाला मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी मियाजिमा हे बेट. इथे या तिकिटाचा एक मोठा गुण दिसतो : मियाजिमाला जाणारी जेआरची बोटही त्यात येते आणि दिवसाच्या फेऱ्यांत ती समुद्रातल्या तोरणद्वाराच्या जवळून जाते. शेजारीच दुसऱ्या कंपनीची बोट लागते, तिथे हे तिकीट चालत नाही. ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेला १०० येनचा अभ्यागत-कर मात्र वेगळा द्यावा लागतो. हिरोशिमाच्या शांती-संग्रहालयाचे तिकीट २०० येन. तिथे आई फार वेळ थांबली, आणि बाहेर आल्यावर पुढच्या बेताविषयी काही विचारावे असे मला वाटले नाही.

एवढे फिरून, ओकायामापासून मोजले तर साध्या तिकिटांचा हिशेब सात-साडेसात हजार येनच्या घरात भरतो. म्हणजे हिरोशिमा आणि मियाजिमा एवढाच बेत असेल, तर दहा हजारांचे तिकीट चक्क तोट्याचे आहे. ते फेडण्यासाठी तिसऱ्या दिवशी आम्ही घरून हिमेजीची फेरी जोडली. १९९३ पासून जागतिक वारशाच्या यादीत असलेला तो पांढरा किल्ला पाहिल्याचे दुःख कोणालाच होणार नाही, परंतु केवळ पैसे वसूल करण्यासाठी सहलीला एक दिवस जोडणे ही काही विश्रांती नव्हे. याउलट पाच दिवसांचे तिकीट पाहा : फक्त २,०५० येन जास्त भरून दोन दिवस वाढतात. ओकायामाहून तोक्योपर्यंतचे साधे एकेरी भाडेच दहा हजार येनच्या वर आहे. क्योतो, नागोया असे मुक्काम करत तोक्योला जाऊन परत येणाऱ्याला पाच दिवसांचे तिकीट निःसंशय फायद्याचे पडते. पूर्वी तोक्यो ते ओगाकी धावणारी ‘मूनलाइट नागारा’ ही रात्रीची गाडी या प्रवाशांची लाडकी होती. ती बंद झाल्यामुळे आता रात्रीच्या मुक्कामाचा खर्च धरूनच हिशेब करावा लागतो.

वयस्क पाहुण्यांना घेऊन जाणाऱ्यांनी हिमेजी आणि ओकायामा यांच्यामधील आइओइ या स्थानकाची माहिती आधीच करून घ्यावी. कोबेकडून येणारी लांबलचक गाडी तिथे रिकामी होते आणि पुढची ओकायामाची गाडी त्या मानाने आखूड असते. त्यामुळे सुट्टीच्या हंगामात दारे उघडताच तरुण मंडळी पिशव्या सावरत धावत सुटतात. या तिकिटाच्या नेहमीच्या प्रवाशांत ही धावपळ प्रसिद्ध आहे. आईने ती पाहिली आणि म्हणाली, “अगं, पळायचं कशाला? पुढची येईलच की.” पुढची आली, पण बऱ्याच वेळाने. गुडघे दुखणाऱ्या माणसाला चार मिनिटांत जिना चढून-उतरून फलाट बदलायला लावणारे हे तिकीट आहे, आणि ज्या आई-वडिलांना पर्यटक म्हणून जपान रेल पास किंवा त्या त्या विभागापुरते स्वस्त पास मिळू शकतात, त्यांना मुलीच्या काटकसरीत ओढू नये, असे माझे मत त्या दिवशी झाले.

नियमांपैकी सर्वांत कठोर नियम अधिभार लागणाऱ्या एक्स्प्रेस गाड्यांचा आहे. हाकुबी मार्गावर ‘याकुमो’ ही एक्स्प्रेस धावते. उशीर होतो म्हणून तिच्यात बसायचे ठरवले, तर वरचा अधिभार देऊन भागत नाही. मूळ भाड्यासह सगळे तिकीट नव्याने घ्यावे लागते. निइमीच्या उत्तरेला साध्या गाड्या तासन् तास नसतात, तेव्हा मात्सुएकडे जाणाऱ्यांनी वेळापत्रक पाहिल्यावाचून घर सोडू नये. जेआरचे नसलेले मार्गही, थोडे अपवाद सोडता, वगळलेले आहेत : सोजाहून निघणारी इबारा रेल्वे दिसायला जेआरसारखीच असली तरी तिथे वेगळे पैसे पडतात, आणि मार्च २०२४ मध्ये होकुरिकू शिंकान्सेन त्सुरुगापर्यंत गेल्यावर कानाझावा ते त्सुरुगा हा जुना मार्ग स्थानिक कंपन्यांकडे जाऊन बहुतांशी या तिकिटाच्या बाहेर पडला. शिंकान्सेन जसजशी वाढते, तसतसा या तिकिटाचा मुलूख आकसत जातो, ही गोष्ट ते विकणारे ठळकपणे सांगत नाहीत.

खाण्याची व्यवस्था आपली आपणच करावी. समोरासमोर आसने असलेल्या डब्यात डबा उघडून खाणे कुणाला खटकत नाही; लांब बाकांच्या शहरी डब्यात मात्र तसे करू नये. दशम्या, कोरडी चटणी आणि इंदूरहून आलेली शेव यांवर माझे प्रवास निभावले.

माझा सल्ला असा. खासगी कंपनीच्या करारावर जाणाऱ्या, ऑगस्ट रिकामा असलेल्या आणि दिवसाला सहा-सात तास खिडकीशी बसण्यात आनंद मानणाऱ्या शिक्षकाने उन्हाळ्यात पाच दिवसांचे तिकीट जरूर घ्यावे. तीन दिवसांच्या तिकिटाच्या वाटेला, दूरचा पल्ला पक्का नसेल तर, जाऊ नये. सुट्टीतही शाळेत हजेरी लावावी लागणाऱ्यांनी आधी रजा मंजूर करून घ्यावी, मग तिकिटाचा विचार करावा. आणि वर्षभरातल्या साध्या रविवारांसाठी या तिकिटाची गरजच नाही : ओकायामाहून कुराशिकी पंधरा-वीस मिनिटांवर आहे, १९८८ मध्ये खुल्या झालेल्या सेतो पुलावरून ताकामात्सु तासाभराच्या अंतरावर आहे, आणि दोन्हीकडे सुटे तिकीट काढून संध्याकाळी परत येता येते. तिकीट इंदूरहून मागवण्याची खटपट करू नये. ते जेआरच्या मोठ्या स्थानकांवरील तिकीट-यंत्रांवर मिळते, फक्त विक्रीची मुदत वापराच्या मुदतीआधीच संपते, एवढे ध्यानात ठेवावे.