व्ही-क्रॉस आणि हायलक्ससाठी ऑल-टेरेन टायर: आधी साईडवॉल बघा, मग नक्षी

टायरच्या दुकानात गेल्यावर गिऱ्हाइकाचा हात आधी नक्षीवर फिरतो. पण कच्च्या रस्त्यावर राबणाऱ्या व्ही-क्रॉस, हायलक्ससारख्या पिकअपचा टायर अकाली जातो तो बहुतेक वेळा बाजूने, म्हणजे साईडवॉलमध्ये. विदर्भ-मराठवाड्यात पऱ्हाटी (कापसाची झाडं) उपटण्याऐवजी छाटली असेल तर वीतभर उरलेला तिरका, वाळलेला खुंट साईडवॉलमध्ये सरळ आत घुसतो. कोकणात चिऱ्याच्या खाणीकडे जाणाऱ्या वाटेवर जांभ्याच्या धारा तेच काम करतात. नक्षीत खिळा गेला तर पंक्चर निघतं. साईडवॉल कापली की टायर संपला. बीएफगुडरिच केओ२, मॅक्सिस ब्राव्हो ९८०, योकोहामा जिओलँडर जी०१५ आणि अपोलो अप्टेरा एटी२ या चार ऑल-टेरेन (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीच्या) टायरांकडे इथे त्याच नजरेने पाहिलं आहे.

टिकाऊपणात केओ२ सर्वांत पुढे, याबद्दल शंका नको. बहुतेक एलटी (लाइट ट्रक, म्हणजे जड कामासाठीच्या) मापांत त्याच्या साईडवॉलला तीन थर असतात, खांद्याशी रबर जाड असतं आणि नवीन नक्षी सुमारे १२ मिमी खोल असते. धारदार दगडावर त्याच्या नक्षीतल्या ब्लॉकचे तुकडे पटकन उडत नाहीत. उणिवाही तितक्याच स्पष्ट आहेत. टायर जड आहे, साध्या टायरपेक्षा नगामागे चार-पाच किलो सहज जास्त. त्यामुळे पिकअप मंद वाटते, डिझेल जास्त जातं. ओल्या डांबरावर ब्रेक मारताना तो जिओलँडरइतका विश्वास देत नाही. पावसाळ्यात रोज घाट उतरणाऱ्याने हे गंभीरपणे घ्यावं. दुसरी अडचण मिळण्याची. जून २०२० पासून टायरची आयात परवान्याखाली आली आणि तेव्हापासून परदेशी टायरांची मापं बाजारात येतात-जातात. आज चार घेतले आणि दोन वर्षांनी एक फाटला, तर जोडीचा मिळेलच असं नाही. घ्यायचेच असतील तर स्टेपनीसह पाच घ्या.

मॅक्सिस ब्राव्हो ९८० हा एलटी मापात मिळाला तर पैशाच्या हिशेबात चांगला सौदा आहे. साईडवॉल दणकट, मुरूम आणि खडीवर पकड समाधानकारक. जिओलँडर जी०१५ हा डांबरावर चौघांत सगळ्यात सभ्य: आवाज कमी, ओल्यात पकड उत्तम. पण १७ आणि १८ इंची रिमच्या बऱ्याच मापांत तो एलटी नसतो, आणि तेव्हा त्याची साईडवॉल खुंटांसाठी नाही. अप्टेरा एटी२ ची जागा साधारण तीच. तो देशी असल्याने तालुक्याच्या गावीही बदली टायर मिळण्याची शक्यता जास्त, आणि महिन्यातून चार वेळा शेतावर जाणाऱ्याला तेवढा पुरतो. खाणीवर किंवा छाटलेल्या पऱ्हाटीत रोज गाडी घालणाऱ्याने मात्र यातला फक्त एलटी पर्यायच बघावा.

काळ्या मातीबद्दल सरळ सांगायला हवं: भिजलेल्या रेगुरात या चौघांतला एकही चालत नाही. दहा फुटांत नक्षी मातीने भरते आणि टायर गुळगुळीत होतो. मड-टेरेन (चिखलासाठीचा) टायर थोडा जास्त तग धरतो, पण वर्षातल्या त्या थोड्या दिवसांसाठी उरलेले महिने त्याचा आवाज आणि ओल्या डांबरावरची घसरण सोसणं शहाणपणाचं नाही.

आता हवेकडे, कारण इथे भले भले चुकतात. एलटी टायर घातला आणि हवा जुनीच ठेवली, तर तो जास्त नाही, कमी वजन उचलतो. २४५/७५ आर १६ हे माप घ्या. १०९ लोड इंडेक्सचा (टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा) साधा टायर ३५ पीएसआय हवेच्या दाबाच्या आसपास १०३० किलो पेलतो. त्याच मापाचा १० प्लाय रेटिंगचा (मजबुतीची श्रेणी) एलटी टायर ३५ पीएसआयला जेमतेम ७७० किलो पेलतो. वजन पेलण्याची त्याची पूर्ण ताकद ८० पीएसआयला मिळते. म्हणजे मागे माल भरून ३५ वर हमरस्त्याला लागलात तर साईडवॉल सतत वाकते, तापते आणि आतून सुटते. एलटी बसवल्यावर माल असताना मागच्या चाकांची हवा कंपनीच्या लोड टेबलप्रमाणे वाढवा. गाडी रिकामी झाली की उतरवा, नाहीतर नक्षी मधोमध झिजते आणि रिकामा मागचा भाग ओल्या वळणावर सरकतो.

कच्च्यात उतरताना उलटा हिशेब. गाडी रिकामी असेल तर खडी-मुरमावर २६ ते २८ पीएसआय, मऊ वाळूत १८ ते २०. १५ च्या खाली गेलात तर जोरात वळताना टायर रिमवरून सुटू शकतो. आणि हवा कमी करून खडकात घुसताना लक्षात ठेवा, साईडवॉल बाहेर फुगलेली असते, म्हणजे कापायला आयती. डांबरावर चढण्याआधी हवा परत भरा. त्यासाठी कंप्रेसर थेट बॅटरीला चिमट्याने जोडणारा घ्या. मोठा कंप्रेसर लायटरच्या सॉकेटवर चालवला की फ्यूज उडतो.

मापात हाव नको. व्ही-क्रॉसच्या २५५/६० आर १८ चा व्यास सुमारे ७६३ मिमी. २६५/६० आर १८ घातला तर ७७५, म्हणजे दीड टक्क्याने जास्त, चालून जातं. २५५/६५ आर १८ ला तो ७८९ होतो, तीन टक्क्यांच्या पुढे: स्पीडोमीटर १०० दाखवताना गाडी १०३ वर असते, स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर चाकाच्या कमानीतल्या प्लास्टिक लायनरला घासू शकतो आणि विम्याच्या दाव्यात प्रश्न निघू शकतो. लोड इंडेक्स मात्र दाराच्या स्टिकरवरच्या आकड्याखाली कधीच नको.

दुकानात पाचही टायरांची तारीख स्वतः वाचा. साईडवॉलवर ‘डीओटी’ने सुरू होणाऱ्या ओळीचे शेवटचे चार आकडे: २२२४ म्हणजे २०२४ चा बाविसावा आठवडा. वर्षाहून जुना माल असेल तर भाव पाडून मागा. आयएसआय खूण बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे, तेव्हा बिलात जुना दर लागलेला नाही ना, हेही तपासा. वॉल्व्ह नवे घ्या, बॅलन्सिंगबरोबर अलाइनमेंट करून घ्या.

ऑल-टेरेनचे मोठे ब्लॉक एकाच जागी राहिले की करवतीसारखे झिजतात आणि मग केबिनमध्ये घूं-घूं सुरू होते. दर आठ-दहा हजार किलोमीटरला स्टेपनी धरून पाचही टायर फिरवले तर हे टळतं. नक्षीत अडकलेले खडे महिन्यातून एकदा बोथट स्क्रूड्रायव्हरने काढा. ते आत आत जाऊन स्टीलच्या पट्ट्यापर्यंत पोचतात, पाणी शिरतं, गंज धरतो आणि नक्षी सुटू लागते. ठरावीक वेगाला धपधप जाणवली किंवा साईडवॉलवर फुगा दिसला, तर तो टायर त्याच दिवशी काढा.

कापलेल्या साईडवॉलला आतून गेटर (जाड रबराचा तुकडा) लावून ट्यूब घालून देणारे हमरस्त्यावर पावलोपावली भेटतात. शेतातून घरापर्यंत सावकाश येण्यापुरतं ते ठीक; माल भरून ऐंशीच्या वेगाने पळवायला नाही. नक्षीतलं सहा मिलिमीटरपर्यंतचं भोक असेल तर टायर रिमवरून उतरवून आतून मशरूम पॅच (भोकात जाणाऱ्या दांडीचा पॅच) मारायला सांगा. बाहेरून कोंबलेल्या धाग्यावर पुढच्या दुकानापर्यंत जाता येतं.