पेटंट, डिझाइन नोंदणी की गोपनीयता? उपकरण बाजारात आणण्यापूर्वीची निवड

शेतातील पंप मोबाइलवरून चालू-बंद करणारा स्टार्टर एखाद्या लहान उद्योजकाने तयार केला आहे, असे धरू. त्यात तीन गोष्टी त्याच्या स्वतःच्या आहेत: वेगळ्या घडणीचा डबा, विहिरीतले पाणी संपताच मोटर बंद करणारे सर्किट आणि त्यामागचे फर्मवेअर, म्हणजे उपकरणातच बसवलेला प्रोग्रॅम. या तिन्हींना एकच कायदेशीर संरक्षण पुरत नाही.

पेटंट सर्किटच्या कार्यपद्धतीसाठी घ्यावे. अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षे ते टिकते आणि तीच कल्पना स्वतंत्रपणे सुचलेल्यालाही ते रोखू शकते. मात्र त्या बदल्यात संपूर्ण कृती उघड करावी लागते. अर्ज साधारणतः 18 महिन्यांनी प्रसिद्ध होतो आणि पुढे पेटंट नाकारले गेले, तरी बाहेर पडलेली माहिती परत झाकता येत नाही. शिवाय 1970 च्या पेटंट कायद्यातील कलम 3(के) नुसार निव्वळ संगणक प्रोग्रॅम किंवा अल्गोरिदम यांना पेटंट मिळत नाही, त्यामुळे फर्मवेअर पुढे करून केलेला अर्ज अडकण्याचीच शक्यता अधिक. व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगांना सरकारी शुल्कात सवलत आहे. खरा खर्च अर्जाचा मसुदा करून घेण्याचा असतो आणि तिथली काटकसर महागात पडते. ‘विजेचा प्रवाह मोजून पाणी संपल्याचे ओळखणारे सर्किट’ एवढाच हक्काचा दावा अर्जात लिहिला, तर प्रवाहाऐवजी पॉवर फॅक्टर (मोटर घेतलेली वीज किती कामी लावते याचे प्रमाण) मोजून तेच काम करणारा प्रतिस्पर्धी सहज निसटतो.

डिझाइन नोंदणी त्या मानाने स्वस्त आणि लवकर हाती येणारी. 2000 च्या डिझाइन कायद्यानुसार ती 10 वर्षे चालते व आणखी 5 वर्षे वाढवता येते, पण ती राखते फक्त डोळ्यांना दिसणारे रूप. अ‍ॅपल आणि सॅमसंग यांच्या खटल्यात 2018 मध्ये अमेरिकी ज्युरीने ठरवलेल्या सुमारे 53.9 कोटी डॉलरपैकी 53.3 कोटी डिझाइन पेटंटांपोटी (वस्तूच्या रूपाला तिथे मिळणाऱ्या संरक्षणापोटी) होते, हे वाचून इथेही तशीच रक्कम मिळेल, असे मानू नये. तिथे उल्लंघन करणाऱ्याचा संपूर्ण नफा मागता येतो. आपल्याकडे प्रत्येक उल्लंघनामागे 25,000 रुपयांपर्यंत आणि एका डिझाइनपोटी एकूण 50,000 रुपयांपर्यंतची ठरीव वसुली आहे, किंवा मग कोर्टात दावा लावून नुकसानभरपाई आणि मनाई हुकूम मागण्याचा लांबचा रस्ता. नोंदणीच टाळणाऱ्याने लक्षात ठेवावे, की नोंदणीयोग्य रूपाच्या 50 हून अधिक प्रती औद्योगिक पद्धतीने निघाल्या की त्यावरील कॉपीराइटही उरत नाही.

या दोन्ही मार्गांना एकच अट घातक ठरते: अर्जापूर्वी वस्तू जगासमोर आलेली नसावी. दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 मध्ये क्रॉक्स या पादत्राणे बनवणाऱ्या कंपनीला तात्पुरता मनाई हुकूम नाकारला, त्यामागे ते डिझाइन नोंदणीपूर्वीच प्रसिद्ध झाल्याचे प्रमुख कारण होते. कृषी प्रदर्शनात स्टॉल लावला, म्हणजे आपोआप सवलत मिळते, असेही नाही. पेटंटच्या बाबतीत ती केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांपुरतीच आहे.

फर्मवेअरसाठी गोपनीयता बरी. तिला मुदत नाही आणि शुल्कही नाही. मात्र भारतात व्यापारी गुपितांसाठी स्वतंत्र कायदा नाही. भिस्त करारावर आणि विश्वासभंगाच्या दाव्यावर ठेवावी लागते, आणि नोकरी सोडल्यावर स्पर्धकाकडे जाऊ नये, अशी अट करार कायद्याच्या कलम 27 पुढे सहसा टिकत नाही. सर्किट मात्र गुपित ठेवण्यात अर्थ नाही. बाजारातून एक नग आणून डबा उघडला की ते समोरच असते.

म्हणून या उद्योजकाने, माझ्या मते, पहिला नग कुणाला दाखवण्याआधी डब्याची डिझाइन नोंदणी आणि सर्किटचा प्रोव्हिजनल (संपूर्ण तपशील नंतर देता येणारा) पेटंट अर्ज एकत्र दाखल करावा. संपूर्ण तपशीलासाठी त्यानंतर 12 महिने मिळतात आणि तेवढ्यात विक्री पाहून खर्च पुढे न्यायचा की नाही, हे ठरवता येते.

स्वतःचे पेटंट असले, तरी दुसऱ्याच्या पेटंटाचे उल्लंघन होऊ शकते, ही बाजू बहुतेकांच्या नजरेतून सुटते. पेटंटाची कल्पना नव्हती हे सिद्ध केल्यास पेटंट कायद्याच्या कलम 111 नुसार नुकसानभरपाई टळू शकते, मनाई हुकूम टळत नाही. पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर शोध विनामूल्य आहे, पण ताजे अर्ज प्रसिद्ध होईपर्यंत त्यात दिसत नाहीत. मोबाइल संपर्काचे तंत्रज्ञान वेगळीच जोखीम आणते: मार्च 2024 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एरिक्सन या दूरसंचार कंपनीच्या पेटंटांपोटी मोबाइल बनवणाऱ्या लाव्हा कंपनीला सुमारे 244 कोटी रुपये भरण्यास सांगितले. स्टार्टरमधले जीएसएम मॉड्यूल, म्हणजे त्याला मोबाइल नेटवर्कशी जोडणारा भाग, बाहेरून विकत घेतलेले असते. म्हणून पुरवठादाराकडून पेटंट परवान्याबाबतची आणि दावा आल्यास भरपाईची हमी खरेदीच्या करारातच लेखी घ्यावी.