गाडी गेली, नाव माझंच राहिलं

नवीन गाडी घ्यायचं ठरल्यावर जुनीचं काय करायचं, यावर आमच्या घरी जवळजवळ तीन आठवडे बोलणं चाललं होतं. गाडी २०१३ ची, पेट्रोलवरची, छोटी, माझ्या नावावरची. शाळेत जायला-यायला मीच ती चालवायचे. धाकट्या दिरांचं म्हणणं होतं, "वहिनी, बाहेर विका, चार पैसे जास्त येतील." त्यांच्या ऑफिसातल्या एकांनी दोन लाख साठ हजार सांगितलेही होते. शोरूमवाले एक्सचेंजमध्ये दोन लाख पंधरा हजार धरत होते, वर तीस हजारांचा एक्सचेंज बोनस. म्हणजे फरक पंधरा हजारांचा.

मी शोरूमला दिली. परकी माणसं घरी येणार, चक्कर मारून बघतो म्हणून किल्ली घेऊन जाणार, पैसे पाठवल्याचा खोटा स्क्रीनशॉट दाखवणार, असलं बरंच ऐकलं होतं. शोरूम म्हणजे काचेची इमारत, पावती, शिक्का. पंधरा हजार गेले तरी चालतील, पण व्यवहार सुरक्षित हवा, या एकाच विचाराने मी तो निर्णय घेतला. आज दोन वर्षांनंतर हे लिहायला बसले आहे, ते त्या ‘सुरक्षित’ शब्दापायी.

आधी पैशांचं सांगते, कारण फसवणूक तिथून सुरू झाली. बुकिंग भरून झालं, कर्ज मंजूर झालं, डिलिव्हरीचा दिवस ठरला, आणि त्या दिवशी सकाळी जुनी गाडी पुन्हा तपासायला एक माणूस आला. पहिल्या वेळी त्यानेच गाडी पाहिली होती. आता त्याला क्लच कमकुवत वाटला, मागचे दोन टायर गेलेले दिसले. वीस हजार कमी. घरची सगळी तयार होऊन बसलेली, मुलीने शाळा बुडवलेली. मी हो म्हटलं. पुढे काही महिन्यांनी आमच्या शाळेतल्या एका बाईंशी बोलताना कळलं की त्याच आठवड्यात त्यांनी तीच गाडी एक्सचेंज न करता घेतली, तर त्यांना पंचवीस हजारांची रोख सूट मिळाली होती. मला ती सूट कुणी सांगितलीच नव्हती. म्हणजे माझा तीस हजारांचा बोनस खरा पाच हजारांचाच. जुन्या गाडीचे माझ्या पदरात प्रत्यक्षात पडले दोन लाख. दिरांच्या ओळखीचे गृहस्थ दोन लाख साठ हजार द्यायला तयार होते.

म्हणून एवढं तरी कराच: नव्या गाडीची किंमत आधी ‘एक्सचेंज नाही’ असं सांगून लेखी घ्या. ती हातात आल्यावरच जुन्या गाडीचा विषय काढा. दोन्ही आकडे एकाच कागदावर आले की कुठून काढून कुठे घातलं ते आपल्याला दिसत नाही.

पण साठ हजार मी विसरून गेले असते. खरा घाव कागदांचा आहे.

गाडी देताना माझ्यासमोर टीटीओचे, म्हणजे गाडीची मालकी बदलण्याचे, फॉर्म ठेवले गेले. फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३०. जिथे खुणा केल्या होत्या तिथे सह्या करायच्या होत्या. घेणाऱ्याचं नाव कोरं, तारीख कोरी, रक्कम कोरी. मी विचारलं, "नाव कुणाचं टाकणार?" उत्तर आलं, "मॅडम, गिऱ्हाईक मिळालं की त्याचंच टाकू. आधी आमच्या नावावर, मग त्याच्या, असं दोनदा कशाला? तुम्ही काळजी करू नका, रोजच्या दहा गाड्या करतो आम्ही." मला ते पटलं. त्यामागचं कारण मला नंतर समजलं. गाडी मध्ये एकाच्या नावावर चढली की पुढच्या गिऱ्हाइकाला ती ‘सेकंड ओनर’ची गाडी म्हणून दाखवावी लागते आणि भाव उतरतो. म्हणून गाडी मूळ मालकाच्याच नावावर ठेवून कोऱ्या सह्यांवर हातोहात फिरवली जाते. त्या मधल्या काळात गाडीने जे काही केलं, ते मूळ मालकाच्या खात्यावर.

आणि मी ज्याला शोरूमचा माणूस समजत होते, तो शोरूमचा नव्हताच. जुन्या गाड्या उचलणारा बाहेरचा दलाल होता. शोरूममध्ये टेबल टाकून बसायचा, गळ्यात तसंच ओळखपत्र घालायचा. त्याने आरसी, विम्याचे कागद, दुसरी किल्ली, माझ्या आधार कार्डाची झेरॉक्स असं सगळं घेतलं. मला दिलं काय? काहीच नाही. गाडी ताब्यात मिळाल्याची पावतीसुद्धा नाही. जुन्या गाडीचे पैसे नव्या गाडीच्या बिलातून वळते केलेले, त्यामुळे माझ्या बँकेच्या खात्यात गाडी विकल्याची एकही नोंद नाही. बिलावरही फक्त ‘सूट’ एवढाच शब्द. मी नोव्हेंबर २०२३ मध्ये गाडी दिली हे दाखवणारा एकही कागद माझ्याकडे नव्हता, आणि हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

पहिली खूण फास्टॅगने दिली. काचेवरचा टॅग काढायचा राहिला होता आणि तो माझ्या बँक खात्याला जोडलेला होता. डिसेंबरमध्ये एका पहाटे टोल कापल्याचा मेसेज आला, मग दुसरा. मी दलालाला फोन केला. "काढतो मॅडम, मुलगा विसरला असेल." मी टॅग बंद करून घेतला आणि विषय संपला असं समजले. मार्च २०२४ मध्ये मोबाइलवर ई-चलन आलं, अतिवेगाचं, दुसऱ्या जिल्ह्यातलं. चलनावरच्या फोटोत माझीच गाडी, मागच्या काचेवर मुलीने चिकटवलेलं फुलपाखरू तसंच. पुन्हा फोन. "ट्रान्सफर प्रोसेसमध्ये आहे, चलन आम्ही भरू." भरलं नाही. मग आणखी दोन चलनं आली. मे महिन्यापासून त्याने फोन उचलणं बंद केलं. शोरूममध्ये गेले तर म्हणाले, "ते आता आमच्याकडे बसत नाहीत. जुन्या गाडीचा व्यवहार तुमचा आणि त्यांचा होता." मी तिथे उभी राहून रडले. त्यांनी मला पाणी दिलं, कागद मात्र दिला नाही.

जून २०२४ मध्ये त्या गाडीचा विमा संपला. तो कुणी भरणार? चालवणाऱ्याच्या नावावर गाडी नाही आणि माझ्या ताब्यात गाडी नाही.

सप्टेंबरमध्ये रात्री पावणेअकराला पोलीस ठाण्यातून फोन आला. माझ्या गाडीने एका दुचाकीस्वाराला उडवलं होतं आणि चालवणारा पळून गेला होता. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३३ प्रमाणे गाडी कोण चालवत होतं हे पोलिसांना सांगणं ही मालकाची जबाबदारी असते. मी काय सांगणार? गाडी कुणाच्या दारात उभी असते हेही मला ठाऊक नव्हतं. मी आणि नवरा दुसऱ्या दिवशी तिथे गेलो, जे घडलं ते सांगितलं, जबाब लिहून दिला. अधिकारी सभ्य होते, पण त्यांनी समोरचा स्क्रीन आमच्याकडे वळवून दाखवला. मालक म्हणून माझं नाव होतं.

जानेवारी २०२५ मध्ये मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस आली. भरपाई मागणाऱ्या अर्जात मी प्रतिवादी.

इथे वकिलांनी जे समजावलं ते प्रत्येक गाडीमालकाला माहीत असायला हवं. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम २ (३०) मध्ये ‘मालक’ या शब्दाची व्याख्या आहे: ज्याच्या नावावर वाहन नोंदलेलं आहे ती व्यक्ती. पैसे कुणी घेतले, किल्ली कुणाकडे आहे, हे तिथे विचारलं जात नाही. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही एका प्रकरणात हेच स्पष्ट केलं. त्या प्रकरणात गाडी पहिल्या विक्रीनंतर आणखी काही हातांतून गेली होती, तरी नोंदणीत पहिल्याचंच नाव राहिल्यामुळे भरपाईची जबाबदारी त्याच्यावर आली. अपघातात जखमी झालेल्या माणसाने गाडी कुणी कुणाला विकली याचा माग काढत फिरावं, अशी अपेक्षा करता येणार नाही, अशी त्यामागची भूमिका.

हे ऐकताना मला राग आला नाही, कारण मी त्या दुचाकीस्वाराला पाहिलं होतं. पायात सळई घातलेली, कामावर जाणं बंद, घरी दोन लहान मुलं. त्याने कुणाकडे मागावं? विमा चालू असता तर विमा कंपनी पुढे आली असती. तोही नव्हता. त्याचा दावा खरा आहे आणि माझं म्हणणंही खरं आहे. आम्हा दोघांना समोरासमोर आणणारा माणूस मात्र अजून कुठेतरी दुसऱ्या कुणाच्या कोऱ्या सह्या घेत असेल. झोप येत नाही ती या विचाराने.

चूक माझीही होती, ती लपवत नाही. कलम ५० प्रमाणे, गाडी त्याच राज्यात विकली असेल तर विकणाऱ्याने चौदा दिवसांच्या आत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने तीस दिवसांच्या आत. ते चौदा दिवस माझे होते. मी ते दलालाच्या भरवशावर सोडले. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांसाठी केंद्राचे नवे नियमही लागू झाले होते. विक्रेत्याकडे आरटीओचं अधिकारपत्र असेल तर गाडी त्याच्या ताब्यात देताना फॉर्म २९सी मध्ये तशी ऑनलाइन सूचना जाते आणि पुढची विक्री होईपर्यंत तोच मालक मानला जातो. माझ्यासारखीला वाचवण्यासाठीच केलेला नियम! मी गाडी दिली तेव्हा तो लागू होऊन सात महिने झाले होते. "तुमचं अधिकारपत्र दाखवा," एवढंच मला म्हणायचं होतं.

गेल्या वर्षी दिरांनी त्यांची गाडी बाहेर विकली, अगदी अनोळखी माणसाला. माझं पाहून ते सावध झाले होते. फॉर्मवर घेणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख समोर बसून भरली. पैसे बँकेतून आले, आणि ते मोबाइलवरच्या मेसेजवर न थांबता स्वतःच्या खात्यात जमा दिसल्यावरच किल्ली दिली. दहा हजार मात्र बाकी ठेवायला लावले, नाव बदललं की घेईन म्हणून. समोरच्याला आश्चर्य वाटलं, कारण सहसा पैसे अडवून ठेवतो तो घेणारा. दिर म्हणाले, "हे तुमच्याकडेच राहू देत, पण नाव बदलल्याशिवाय दुसरी किल्ली मिळणार नाही." कागदावर तारखेबरोबर वेळही लिहिली, मीटरचे किलोमीटर, इंजिन आणि चॅसिस नंबर, दोघांच्या सह्या. मग दोघं मिळून आरटीओचा अर्ज भरायला बसले. चोविसाव्या दिवशी सरकारच्या एमपरिवहन अ‍ॅपवर नवं नाव दिसलं.

याचा अर्थ बाहेर विकणंच बरं, असं मी म्हणत नाही. बाहेरचा माणूसही कोऱ्या सह्या मागतो, ‘आमचा एजंट करेल’ म्हणतो, आणि घाईत आपण देतो. एक्सचेंजमध्येही नीट कागद करणारे आहेत. कुठे द्यायची हा प्रश्न आम्ही तीन आठवडे चघळला. नाव कोणत्या तारखेला उतरणार, हा प्रश्न आमच्यापैकी एकानेही विचारला नाही. गाडीवर बँकेचा बोजा असेल तर तो फॉर्म ३५ ने आधी उतरवा, नाहीतर नाव बदलणं तिथेच अडकतं. फास्टॅग त्याच दिवशी बंद करा. नो-क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, तुमचा असतो, गाडीचा नाही. तो नव्या गाडीच्या विम्याला लावून घ्या.

आणि तुम्ही एक-दोन वर्षांत गाडी दिली असेल तर हे वाचून झाल्यावर एमपरिवहन अ‍ॅपवर तिचा नंबर टाकून बघा. मालकाचं नाव पूर्ण दिसत नाही, पण स्वतःची अक्षरं आपण ओळखतो. ती तुमचीच असतील तर फोनाफोनीत महिने घालवू नका. आरटीओत लेखी अर्ज द्या, स्वतःच्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. गाडी कधी, कुणाला दिली हे दाखवणारं जे काही असेल, दलालाशी झालेले मेसेज, टोलचे मेसेज, डिलिव्हरीच्या दिवशीचे फोटो, ते एका जागी ठेवा. माझ्या वकिलांनी सर्वांत आधी माझे ते पहाटेचे टोलचे मेसेज मागून घेतले. ते मी रागाने पुसून टाकणार होते.

दलालाला या दाव्यात पक्षकार करावं असा अर्ज आम्ही दिला आहे. त्याची तारीख पुढच्या महिन्यात आहे. गाडी अजून पोलीस ठाण्याच्या आवारात उभी आहे, पुढचा दिवा फुटलेला, चाकांत हवा नाही. ती सोडवून न्यायची तर अर्ज नोंदणीकृत मालकानेच करावा लागतो, असं तिथल्या हवालदारांनी मला सांगितलं. म्हणजे मीच.