वणव्याचा माग काढायला फर्म्स: मेळघाटात कितपत कामाची?

होळीच्या आगेमागे सागाची पानं गळाली की मेळघाटातला वणवा भडकत नाही, सरकतो. गुडघ्याखालची ज्वाळा पाचोळा खात दिवसचे दिवस डोंगर पालथा घालते. अशा आगीचा माग ठेवायला नासाची फर्म्स ही फुकट नकाशा-सेवा सामूहिक वनहक्क मिळालेल्या प्रत्येक गावाने वापरावी. उपग्रहाला जमीन तापलेली दिसली की तिच्या नकाशावर ठिपका उमटतो. फक्त तो ठिपका वाचता आला पाहिजे.

ठिपका म्हणजे आगीची नेमकी जागा नव्हे. उपग्रहाला जो चौकोन तापलेला दिसला, त्याचा तो मध्य. व्हिअर्स आणि मोडिस ही उपग्रहांवरची उष्णता टिपणारी दोन उपकरणं. व्हिअर्सचा चौकोन सुमारे ३७५ मीटरचा, मोडिसचा १ किलोमीटरचा. त्यामुळे सरकती आग पाहताना मोडिसचा थर बंदच ठेवा. दुपारच्या आणि रात्रीच्या ठिपक्यांत ३०० मीटरचं अंतर दिसलं, तरी आग तेवढी पुढे गेली असं धरू नका. चौकोन जरा बाजूला पडला असेल. उपग्रहाच्या तीन-चार फेऱ्यांत ठिपके एकाच अंगाला जात असतील, तर कोणत्या जाळरेषेवर (आग अडवायला साफ केलेल्या पट्ट्यावर) माणसं लावायची ते ठरवा. चढावर आग झपाट्याने जाते, उतारावर रेंगाळते. पण जळता ओंडका गडगडत नाल्यात पोचला की समोरच्या डोंगराला खालून आग लागते, म्हणून ठिपक्याखालचा नाला आधी गाठा.

व्हिअर्सचे उपग्रह इथून दुपारी आणि रात्री दीडच्या आसपास जातात. मधल्या वेळेत नकाशा आंधळा. मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाचोळा सकाळी पेटवला आणि अकराला विझला, तर ठिपका उमटतच नाही. ठिपका गेला म्हणजे आग विझली असंही नाही. पोकळ बुंध्यात ती धुमसत असते. ब्लोअरने पाचोळा हटवल्यावरही काठावरचे बुंधे तपासून घ्या.

दोन चुका हमखास होतात. ठिपक्याची वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते, तिच्यात साडेपाच तास मिळवा. १२ एप्रिल, २०:१० म्हणजे आपल्याकडे १३ तारखेची रात्र, १ वाजून ४० मिनिटं. दुसरी चूक पायपीट करायला लावते: ठिपक्याच्या अक्षांशाचा २१.४५ हा आकडा दशांश अंशातला आहे, म्हणजे २१ अंश २७ मिनिटं. जीपीएसमध्ये २१ अंश ४५ मिनिटं भरलं, तर तुम्ही ३३ किलोमीटर उत्तरेला जाल.

जंगलाला लागून शेती असेल तिथे एप्रिल-मेमध्ये ठिपक्यांची गर्दी होते. त्यातले बरेच पेटवलेले धुरे आणि पऱ्हाटीचे ढीग असतात. सॅटेलाइट चित्राचा थर लावून ठिपका वावरात आहे की रानात, ते आधी पाहा. ठिपका खरंच आगीचा असण्याची खात्री किती, तेही नकाशा सांगतो. दिवसा ‘लो’, म्हणजे कमी विश्वासाचा एकटा ठिपका आला, तर माणसं पाठवण्याआधी जवळच्या टेकडीवरून धूर दिसतो का ते बघा.

उपग्रह गेल्यावर ठिपका यायला तीन तासांपर्यंत वेळ लागू शकतो. सरकत्या वणव्याला हे चालतं, वारा सुटलेल्या गवताळ माथ्यावर नाही. नकाशा उघडायला इंटरनेट लागतं ही खरी अडचण. म्हणून जोडीला देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाकडे मोबाइल नंबर नोंदवा. त्यांचा इशारा एसएमएसने येतो, साध्या फोनवरही वाचता येतो. आणि रेंज असलेल्या गावातून निघतानाच शेवटच्या दोन फेऱ्यांचे आकडे कागदावर उतरवून घ्या. घाटात शिरल्यावर नकाशा उघडेलच याचा भरवसा नाही.