गट्टूखाली काय भरलंय ते पैसे देण्याआधी पाहा

मे महिन्यात नागपुरात घरोघरी अंगणाची कामं निघतात. मृग लागायच्या आत चिखलाचा बंदोबस्त करायची सगळ्यांनाच घाई असते. आमच्या ठेकेदाराने याच घाईचा फायदा घेतला.

बाबांचं घर बेसा भागात आहे. गेटपासून पोर्चपर्यंत, गाडी आत घ्यायच्या वाटेवर, पेव्हर ब्लॉकचे गट्टू लावायचे होते. कोटेशन कागदावर घेतलं होतं: सव्वा फूट खोदून काळी माती बाहेर काढायची, सहा इंच मुरूम पाणी मारून दाबायचा, त्यावर चार इंच गिट्टी, वर इंचभर रेती आणि मग ८० मिमी जाडीचे एम-४० ग्रेडचे (ग्रेड म्हणजे काँक्रीटची ताकद) ब्लॉक. उन्हाळ्यात कधी पाण्याचा टँकर आत घ्यावा लागतो, म्हणून जाड ब्लॉक मागितले. दरही चालू बाजारभावाचाच होता.

ठेकेदाराने नमुन्याचा ब्लॉक बाबांच्या हातात दिला. "काकाजी, वजन तर पाहा. आपलंच घर समजून करून देतो." तो ब्लॉक खरोखर ८० मिमीचा होता.

काम झालं तेव्हा दिसायला देखणं होतं. पण अर्धा पावसाळाही सरला नाही तोच चाकं जातात त्या दोन पट्ट्या खचल्या आणि पाणी गेटकडे जायच्या ऐवजी पोर्चच्या भिंतीशी तुंबायला लागलं. फोन केला तर म्हणाला, "पहिल्या पावसात गट्टू बसतेच जी, एकदा बसले की हालत नाही." हे साफ खोटं आहे. खालचा थर नीट दाबून वरून प्लेट कॉम्पॅक्टर (थरथरत दाबणारं मशीन) फिरवलेलं काम पावसाने असं खचत नाही. त्यानंतर त्याने फोन उचलणंच बंद केलं.

मग आम्ही खचलेल्या पट्टीतला एक गट्टू स्क्रू ड्रायव्हरने उकलून वर काढला. स्केल लावली तर सहा सेंटीमीटर. शेजारचा काढला, तोही सहाच. गेटजवळची पहिली रांग, जिची कड रस्त्यावरून दिसते, तेवढी मात्र बरोबर ८० मिमीची. आतल्या ब्लॉकचा कमी पडलेला २० मिमी त्याने क्रशरची डस्ट (दगडाची भुकटी) जास्त टाकून भरून काढला होता. वरून सगळं एका पातळीत, त्यामुळे कोणाला शंका यायचं कारणच नाही. ती ओली डस्ट बाजूला सारली तर खाली विटांचे तुकडे, टाइल्सच्या कपच्या, सिमेंटच्या पोत्याची चिंधी आणि लगेच काळी माती. मुरूम नाही, गिट्टी नाही. त्या मातीत बोट सहज दोन पेरं आत गेलं.

खरं सांगायचं तर ब्लॉकमधली चोरी त्यातल्या त्यात लहान. पेव्हर ब्लॉकच्या आयएस १५६५८ या मानकात हलक्या वर्दळीसाठी ६० मिमीचा एम-३५ ब्लॉक चालतो. घरची कार त्यावर आरामात जाते. आमच्याकडून ८० मिमीचे पैसे घेतले ही लबाडी आहेच, पण वाट खचली ती खालच्या भरावामुळे. काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून फाटते. तिच्यावर नुसता मलबा टाकला तर वर १०० मिमीचा ब्लॉक लावला तरी तो तग धरणार नाही.

हे त्याने केलं कधी, तर भर दुपारी. मलब्याची ट्रॉली येऊन रिकामी झालेली शेजारच्या काकूंनी पाहिली होती, त्यांना वाटलं आम्हीच मागवली असेल. पारा ४५ च्या आसपास असताना सत्तरी ओलांडलेला माणूस कूलर सोडून उन्हात उभा राहणार नाही, हे हेरूनच त्याने भरावाचं काम त्या वेळेला ठेवलं. संध्याकाळी बाबा बाहेर येईपर्यंत वर डस्ट पसरून तयार असायची. पैशांपेक्षा मला याचा जास्त संताप येतो.

बिलातही हात मारलाच. टाकीचं झाकण, चेंबर, तुळशीचा ओटा, सगळं चौरस फुटांत मोजलं. बिलावरचा जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाकून पाहिला तर तो दुसऱ्याच जिल्ह्यातल्या एका कापड दुकानाचा निघाला. हे तपासायला दोन मिनिटं लागतात आणि बयाणा देण्याआधीच तपासता येतं.

म्हणून पैसे थराथराने द्या. खोदकाम झालं की टेप लावून खोली मोजा, फोटो काढा, मग पहिला हप्ता. मुरूम दाबून झाला की दुसरा. वरची रेती किंवा डस्ट पसरण्याआधी गिट्टी डोळ्यांनी दिसलीच पाहिजे. उतार भिंतीपासून गेटकडे, दहा फुटांला दोन-अडीच इंच. कडेला कर्ब स्टोन काँक्रीटमध्ये बसवून घ्या, नाहीतर कडेचे गट्टू बाहेर सरकतात आणि मागोमाग सगळे सैल होतात. सांध्यांत कोरडी बारीक रेती भरून पुन्हा कॉम्पॅक्टर फिरवायला लावा. ती रेती पावसाने वाहून जाते, तेव्हा पावसाळा संपला की सांधे पुन्हा भरून घ्यावे लागतात. घरात वयस्कर माणूस एकटा असेल तर भरावाचं काम सकाळी, कोणीतरी घरी असतानाच होईल, हे आधीच ठरवून घ्या.

आम्ही नोटीस पाठवून जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार केली आहे. कोटेशन, नमुन्याचा ब्लॉक आणि स्केल लावलेले फोटो सोबत जोडले. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही, तक्रार मात्र २ वर्षांच्या आत करावी लागते. आधी सल्ला हवा असेल तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे.

ज्यांच्याकडे सध्या काम सुरू आहे त्यांनी मधल्या रांगेतला एक गट्टू उचलून स्केल लावा आणि खाली हात घालून पाहा. सांध्यांत रेती भरायच्या आधी तो सहज निघतो.