तालुक्याच्या कर सल्लागाराकडे अमेरिकेची फाइल: दीड वर्षाचा अनुभव

अमरावती जिल्ह्याच्या संत्रापट्ट्यातील आमच्या तालुक्याच्या गावी, बसस्थानकाकडून बाजार समितीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, खत-बियाण्यांच्या एका दुकानाच्या माडीवर कर सल्लागाराचे कार्यालय आहे. खाली त्यांच्याच पुतण्याचे ‘आपले सरकार सेवा केंद्र’ आहे, ज्याला सगळे अजूनही सेतूच म्हणतात. गेल्या दीड वर्षात या दोन्ही ठिकाणी मी वीसएक फेऱ्या मारल्या असतील. कार्यालयाचे नाव येथे देत नाही, कारण ‘जुलैत आधीच जिन्यापर्यंत रांग असते, आणखी माणसे पाठवू नका,’ अशी मालकांचीच विनंती आहे.

माझे काम नेहमीच्या गिऱ्हाइकांसारखे नव्हते. माझे लग्न डिसेंबर २०२३ मध्ये झाले आणि गावातच ग्रामसेवकांकडे त्याची नोंदणी झाली. पती मूळचे विदर्भातलेच, पण आता अमेरिकेचे नागरिक आहेत. त्यांनी मे २०२४ मध्ये ६२५ डॉलर भरून मला तिकडे बोलावण्यासाठीचा आय-१३० हा अर्ज ऑनलाइन दाखल केला. तो मंजूर होऊन प्रकरण आता नॅशनल व्हिसा सेंटर या, मुलाखतीपूर्वी कागद तपासणाऱ्या अमेरिकी कार्यालयाकडे आहे. मी इकडे अनुदानित शाळेत सहायक शिक्षिका आहे आणि माझ्या नावावर दोन एकर संत्र्याची बाग आहे. म्हणजे पगार एका देशात, नवरा दुसऱ्या देशात, आणि दोन्हीकडच्या कर खात्यांचे वर्षसुद्धा वेगळे. इकडे एप्रिल ते मार्च, तिकडे जानेवारी ते डिसेंबर.

येथे येण्यापूर्वी मी एका मोठ्या शहरातील व्हिसाचे काम करणाऱ्या एजंटाकडे गेले होते. त्यांनी विवाहाचा व जन्माचा दाखला अपोस्टिल करून (म्हणजे परदेशात तो खरा मानला जावा यासाठी सरकारी शिक्का मारून) घ्यावा लागेल असे सांगून सहा हजार रुपये घेतले. अमेरिकेच्या स्थलांतरित व्हिसासाठी अपोस्टिलची गरजच नसते, हे मला नंतर व्हिसा सेंटरच्या सूचना स्वतः वाचल्यावर कळले. ते पैसे गेले. या पार्श्वभूमीवर तालुक्याच्या सल्लागारांचे पहिले वाक्य मला फार बरे वाटले. मी फाइल उघडून टेबलावर ठेवली तेव्हा त्यांनी चष्मा वर करून सांगितले, “अमेरिकेचा रिटर्न मी भरत नाही. तुमचा इकडचा हिशेब असा करून देईन की तिकडच्या माणसाने उलटा प्रश्न विचारू नये.”

त्यांनी तो खरोखर तसा करून दिला. पतींच्या तिकडच्या कर सल्लागाराला माझे जानेवारी ते डिसेंबरचे उत्पन्न हवे होते, कारण संयुक्त रिटर्न आणि स्वतंत्र रिटर्न या दोन्ही रीतींनी कर किती येतो याची तुलना करायची होती. माझा फॉर्म १६, म्हणजे शाळेकडून मिळणारा वर्षाचा पगार व कापलेल्या कराचा दाखला, मात्र मार्चला संपतो. काकांनी (वयामुळे मी त्यांना काकाच म्हणते) शालार्थ या शाळांच्या ऑनलाइन वेतनप्रणालीतील बारा महिन्यांच्या वेतनपावत्या मागवल्या, जानेवारी ते मार्च एका आर्थिक वर्षातून आणि एप्रिल ते डिसेंबर दुसऱ्यातून घेतले, आणि प्रत्येक महिन्याचा ढोबळ पगार, भविष्य निर्वाह निधी, व्यवसाय कर व कापलेला आयकर असे रकाने मांडले. महागाई भत्त्याची थकबाकी जुन्या वर्षाची असली तरी ती हातात ज्या महिन्यात आली त्याच महिन्यात दाखवली आणि खाली तशी टीप लिहिली. रुपयाचे डॉलर करण्याचे काम त्यांनी केले नाही. तो दर ज्याने रिटर्न भरायचा त्यानेच लावावा, असे त्यांचे म्हणणे होते.

खरी कसोटी बागेच्या उत्पन्नात होती. आमच्याकडे संत्रा कसा विकला जातो हे येथील वाचकांना सांगायला नको. व्यापारी येतो, झाडावरचा अंबिया बहार पाहतो, बागेतच सौदा होतो, इसार म्हणून काही रक्कम हातावर ठेवली जाते आणि उरलेली तोडणी होईल तशी मिळते. पावती नावाची गोष्ट कोणाच्या खिशात नसते. आपल्या त्या वेळी लागू असलेल्या १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १०(१) खाली हे उत्पन्न करमुक्त असल्यामुळे कोणाला तिची आठवणही होत नाही. परंतु अमेरिकी नागरिकाची परदेशस्थ पत्नी संयुक्त रिटर्नसाठी स्वतःला तेथील रहिवासी मानून घेण्याची निवड करते, तेव्हा तिचे जगभरातले उत्पन्न त्या रिटर्नमध्ये येते, आणि त्यात आपली करमुक्त संत्रीही येतात. ही गोष्ट पतींच्या सल्लागाराने कळवली तेव्हा मी जरा हबकलेच होते. माझ्या वडिलांना तर ती अजूनही पटलेली नाही. ‘जमीन इथली, पाणी इथलं, अन् कर अमेरिकेले कायचा?’ हा त्यांचा प्रश्न कायम आहे.

काकांनी त्यावर वाद न घालता वही मागितली. वडिलांच्या वहीत इसाराची तारीख, व्यापाऱ्याचे नाव, खत, फवारणी, ठिबकची दुरुस्ती, निंदणाची मजुरी हे सर्व होते, फक्त एका क्रमाने नव्हते. त्यांनी दोन दिवस बसून त्याचा जमाखर्च केला आणि बँकेत जमा झालेल्या रकमांशी जुळवला. सातबारा आणि आठ-अ चे डिजिटल सहीचे उतारे काढून सोबत लावले. एका बहाराची मोठी रक्कम घरात रोख आल्याचे दिसताच त्यांनी स्पष्ट शब्दांत सांगितले की एका व्यवहारापोटी दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारणे त्याच कायद्याच्या कलम २६९ एसटीने मना आहे. आमची रक्कम त्या मर्यादेच्या खाली होती. तरी पुढच्या सौद्यापासून पैसे खात्यावरच घ्यावेत, असे त्यांनी बजावले. या वर्षी व्यापाऱ्याने कुरकुर केली, पण खात्यावर पैसे टाकले.

याच वेळी माझी एक जुनी चूक उघडी पडली. शाळेतील सर्वांचे रिटर्न एकत्र भरून देणाऱ्या गृहस्थांनी माझा २०२३-२४ चा रिटर्न आयटीआर-१ या सर्वांत साध्या नमुन्यात भरला होता आणि शेतीचा रकाना कोरा ठेवला होता. शेतीचे उत्पन्न पाच हजार रुपयांहून अधिक असेल तर आयटीआर-१ चालत नाही. माझ्यासारख्या पगारदाराला आयटीआर-२ लागतो, आणि ते उत्पन्न करमुक्त असले तरी इतर उत्पन्नाचा दर ठरवताना हिशेबात धरले जाऊ शकते. काकांनी ३१ डिसेंबर २०२४ च्या आत सुधारित रिटर्न दाखल केला. भारताच्या रिटर्नमध्ये बाग नाही आणि अमेरिकेला पाठवलेल्या तक्त्यात आहे, अशी विसंगती त्यामुळे टळली.

तरीही सर्वांत मोठी विसंगती माझ्या कागदांत नव्हतीच. मार्च २०२५ मध्ये २०२४ चा तक्ता करताना, तिकडे उत्पन्नाचे रकाने कसे असतात हे पाहण्यासाठी काकांनी पतींच्या आदल्या वर्षाच्या रिटर्नची प्रत मागितली. पहिलेच पान त्यांनी बराच वेळ पाहिले आणि मग म्हणाले, “मॅडम, मले अमेरिकेचा कायदा समजत नाही, खोटं कायले सांगू? पण इथं तुमचं नावच नाही, अन् खूण ‘अविवाहित’ या चौकटीत आहे. ग्रामसेवकाच्या दाखल्यावर तर दोघांचीही नावं आहेत. जवाईबुवाले विचारा.” मी विचारले. पतींचा समज असा होता की बायको अजून तिकडे आलेलीच नाही, तिला तिकडचा सोशल सिक्युरिटी क्रमांक (नागरिक व रहिवाशांना मिळणारा सरकारी क्रमांक) नाही, म्हणून करापुरते आपण एकटेच. प्रत्यक्षात तेथे ३१ डिसेंबरला तुमची जी वैवाहिक स्थिती असते तीच संपूर्ण वर्षाची धरतात, आणि पत्नी परदेशात असल्याने विवाहित माणूस अविवाहित होत नाही. आमचे लग्न डिसेंबरातले, म्हणजे २०२३ हे अख्खे वर्ष विवाहिताचे. एकीकडे पत्नीला बोलावण्याचा अर्ज आणि दुसरीकडे आपण अविवाहित असल्याचे सहीनिशी निवेदन, हे दोन कागद एकाच सरकारच्या दोन खात्यांत पडून होते. पतींच्या सल्लागाराने १०४०-एक्स हा दुरुस्ती अर्ज भरून २०२३ चा रिटर्न ‘विवाहित, स्वतंत्र रिटर्न’ असा करून घेतला. करातला फरक किरकोळ निघाला, पण व्हिसाच्या मुलाखतीच्या खिडकीवर हा प्रश्न निघाला असता तर तो किरकोळ राहिला नसता.

संयुक्त रिटर्न भरावा की नाही, यावर काकांनी मत देण्याचे टाळले आणि मला ते योग्य वाटते. आकडे मोहात पाडणारे होते: २०२४ साठी स्वतंत्र रिटर्नला १४,६०० डॉलरची प्रमाणित वजावट आणि संयुक्तला २९,२०० डॉलरची. परंतु त्यासाठी मला आयटीआयएन हा करदात्याचा क्रमांक काढावा लागला असता. त्याच्या डब्ल्यू-७ अर्जासोबत एकतर मूळ पासपोर्ट टेक्सासमधील ऑस्टिनला पाठवायचा, नाहीतर तो देणाऱ्या यंत्रणेने प्रमाणित केलेली प्रत जोडायची, किंवा तिकडच्या कर खात्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीकडून पडताळणी करून घ्यायची. आपल्याकडील नोटरीचा शिक्का तेथे चालत नाही. पुतण्याने उत्साहाने ‘ताई, नोटरी करून देतो, कोर्टासमोरच बसतात,’ असे म्हटले होते. काकांनी त्याला थांबवून आधी सूचना वाचून घ्यायला लावल्या. मुलाखतीला लागणारा एकुलता एक पासपोर्ट समुद्रापार पाठवण्याची माझी तयारी नव्हती. स्वतंत्र भरलेला रिटर्न मूळ मुदतीपासून तीन वर्षांच्या आत संयुक्तमध्ये बदलता येतो, पण संयुक्त भरलेला रिटर्न मुदत उलटल्यावर स्वतंत्र करता येत नाही. शिवाय रहिवासी मानून घेण्याची निवड एकदा संपुष्टात आणली की पुन्हा करता येत नाही. तेव्हा २०२४ चा रिटर्नही पतींनी स्वतंत्रच भरला आणि माझ्या क्रमांकाच्या जागी अनिवासी परदेशी असल्याची ‘एनआरए’ ही अक्षरे लिहिली. पुढे माझा सोशल सिक्युरिटी क्रमांक आला की काकांचे तक्ते तयारच आहेत.

नावांच्या बाबतीत पुतण्याचे काम चांगले आहे. शाळा सोडल्याच्या दाखल्यात माझे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव. आधारवर तेच, पण इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटी एक अक्षर जास्त. पासपोर्टवर वडिलांचे नाव माझ्याच नावाला जोडून आलेले. त्याने एका कागदावर सर्व दाखल्यांतील नावे एकाखाली एक लिहिली, आधार दुरुस्त केले आणि पॅनशी जुळवले. मराठी दाखल्यांचे इंग्रजी भाषांतरही तोच करतो, खाली भाषांतरकाराचे प्रमाणपत्र जोडतो. एका ठिकाणी त्याने ‘मौजे’ हा शब्द माझ्या गावाच्या नावातच घातला होता, तो मला दुरुस्त करावा लागला.

आता तक्रारी. पहिली आणि गंभीर तक्रार कागदांच्या सुरक्षिततेची आहे. खालच्या केंद्रात लोकांचे आधार, पॅन आणि पासपोर्टच्या झेरॉक्स काउंटरवर उघड्या पडलेल्या असतात, आणि फाइल मागवण्यासाठी कामावरच्या मुलाचा खाजगी व्हॉट्सॲप क्रमांक वापरला जातो. माझ्या पतींच्या रिटर्नची प्रत त्या मोबाइलवर आठवडाभर राहिली होती. मी समोर उभी राहून ती काढायला लावली. दुसरी तक्रार वेळेची. २०२५ मध्ये इकडच्या रिटर्नची मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबर आणि शेवटी एक दिवस वाढून १६ सप्टेंबर झाली, आणि त्या संपूर्ण काळात काकांनी फोन उचलला असे मला आठवत नाही. तिसरी तक्रार अशी की शुल्क आधी सांगितले जात नाही आणि पावती मागितल्याशिवाय मिळत नाही, जे पावत्यांसाठी माझ्या वडिलांना व्याख्यान देणाऱ्या गृहस्थांना शोभत नाही. लाइन गेल्यावर माडीवर इन्व्हर्टर नाही, हे मी तक्रारीत धरत नाही.

मला आयटीआर-२ चे १,८०० रुपये, वार्षिक तक्त्याचे ३,५०० रुपये आणि भाषांतराचे पानामागे २०० रुपये पडले. आधीच्या एजंटाने केवळ दोन शिक्क्यांसाठी जे घेतले, त्याच्याशी तुलना केली तर हे स्वस्तच म्हणावे लागेल. मात्र ज्यांना संपूर्ण काम एकाच छताखाली हवे असेल, त्यांनी येथे येऊ नये. आय-८६४ हे आर्थिक हमीपत्र किंवा व्हिसाचे अर्ज येथे भरले जात नाहीत, आणि पासपोर्ट कार्यालयाकडून मिळणाऱ्या पोलिस पडताळणी प्रमाणपत्राचा अर्ज मी स्वतःच ५०० रुपये भरून केला. ज्यांना इकडचे उत्पन्न, जमीन आणि नावे नीट मांडून हवी आहेत, त्यांनी अवश्य जावे. फेब्रुवारी किंवा मार्चचा पहिला पंधरवडा चांगला, सकाळी अकराच्या आत, आणि बाजाराचा दिवस टाळून. मूळ कागद देऊ नका, झेरॉक्स मोजून द्या आणि मोजून परत घ्या.