लंडनमधलं महागडं पश्चिम आफ्रिकी जेवण: चिशुरू, अकोको की इकोयी?

या तिन्ही रेस्टॉरंटांबाबत आधी निकाल सांगून टाकतो. पहिल्यांदाच जाणार असाल तर चिशुरू. तिथलं आवडलं तर अकोको. इकोयी उत्तम आहे, पण पश्चिम आफ्रिकी जेवण म्हणून तिथे जाऊ नका.

इकोयी 2017 मध्ये जेरेमी चॅन आणि इरे हसन-ओडुकाले यांनी सुरू केलं. 2018 मध्ये पहिला मिशेलिन तारा (रेस्टॉरंटांना दर्जासाठी मिळणारा मान) आला, 2022 मध्ये दुसरा, आणि आता ते स्ट्रँड या रस्त्यावर आहे. नाव नायजेरियातल्या लागोसमधल्या श्रीमंत वस्तीचं असलं तरी ताटात ब्रिटिश मासे, मांस आणि त्या-त्या हंगामातल्या भाज्या येतात. पश्चिम आफ्रिका डोकावते ती मसाल्यांतून. तिथला धुरावलेला जोलॉफ भात गाजला तो उगीच नाही, पण एगुसी (बियांचा दाट रस्सा) आणि याम या कंदाचा कुटलेला गोळा डोळ्यांसमोर ठेवून गेलात तर हिरमोड होईल. तिघांत सर्वांत महाग तेच, आणि फरक थोडाथोडका नाही.

चिशुरू आडेजोके बाकारे यांचं. 2020 मध्ये ब्रिक्स्टनच्या बाजारात छोट्या जागेत सुरू झालं, 2023 मध्ये फिट्झरोव्हियातल्या ग्रेट टिचफील्ड स्ट्रीटवर आलं. फेब्रुवारी 2024 मध्ये मिशेलिन तारा मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या ब्रिटनमधल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला शेफ. त्याच यादीत अकोकोलाही तारा मिळाला. दोन्ही जागा एकमेकींपासून चालत जाण्याइतक्या जवळ, तरी बाज वेगळा. अकोकोत बरेच छोटे पदार्थ एकामागून एक येतात, मांडणी जास्त नेटकी. चिशुरूत पदार्थ कमी, पण आंबट, कडू, आंबवलेली चव जिथल्या तिथे ठेवलेली.

उदाहरणार्थ एकुरू. हा नायजेरियातल्या योरुबा लोकांचा चवळीचा वाफवलेला पदार्थ. चवळी भिजवून चोळायची आणि साल अन् साल काढायचं. थोडं जरी राहिलं तरी तपकिरी ठिपके दिसतात आणि जिभेला कचकच लागते. मग कमीत कमी पाण्यात वाटून भरपूर फेटायचं. फेटणं कमी पडलं तर दगड होतो. पाणी जास्त झालं तर बसका आणि गिचका. मॉइन-मॉइन या चवळीच्याच वाफवलेल्या पदार्थात मिरची-कांदा दोष झाकून टाकतो, एकुरू पांढराच असल्याने लपायला जागा नाही. म्हणून कुठल्याही मेन्यूवर तो दिसला तर नक्की मागवा; स्वयंपाकघर किती कष्ट घेतं ते तिथे कळतं.

दुसरी कसोटी जोलॉफ. लाल ढोबळी मिरची, टोमॅटो, कांदा आणि स्कॉच बॉनेट ही जहाल मिरची यांचं वाटण आधी आटवायचं, मग टोमॅटो पेस्टसह तेलात, तेल सुटेपर्यंत परतायचं. याला अर्धा तास तरी हवाच. घाई केली की पेस्टचा कच्चा आंबटपणा शेवटच्या घासापर्यंत पिच्छा सोडत नाही. नायजेरियन पद्धतीत लांब दाण्याचा उकडा तांदूळ लागतो, कारण तो रस पितो पण मोडत नाही. झाकण घट्ट, आच मंद, ढवळाढवळ नाही. शेवटी आच वाढवली की तळाशी खरपुडी धरते आणि तिचा धूर भातात मुरतो. लग्नाकार्यातल्या जोलॉफची ओळख हीच चव. काही महागड्या ठिकाणी काचेच्या झाकणाखाली धूर सोडून हे काम उरकतात. झाकण उचलताना टेबलावर ‘वा!’ होतं, पण तो धूर वरवरचा, दोन घासांत संपतो.

सुया (मसाला लावून विस्तवावर भाजलेलं मांस) मागवलात तर मसाला नीट पाहा. याजीत, म्हणजे या मसाल्यात, शेंगदाण्याचा साधा कूट चालत नाही. त्याला तेल सुटतं आणि विस्तवावर तो करपून कडू होतो. तेल काढलेली पेंड, म्हणजे कुली-कुली, कुटून त्यात आलं, तिखट आणि मीठ घालतात. नीट जमलेला मसाला मांसावर कोरडा, भुरभुरीत राहतो.

तिखटाबाबत एक तक्रार आहे, आणि ती या सगळ्या प्रकारच्या रेस्टॉरंटांबद्दल. स्कॉच बॉनेट 1,00,000 ते 3,50,000 स्कोव्हिलची (हे तिखटपणाचं एकक), पण तिचं खरं भांडवल तिचा फळासारखा वास. गिऱ्हाईक बिचकेल म्हणून ती कमी केली की तिखटाबरोबर वासही जातो आणि मागे उरतं नुसतं लाल सॉस. तसंच फुफूचं, म्हणजे कुटलेल्या कंदाच्या गोळ्याचं. घासासाठी हाताने तोडायचा तो गोळा इथे लिंबाएवढा देतात, काही ठिकाणी देतच नाहीत. बुकिंग करतानाच विचारा.

शाकाहाऱ्यांनी तर विचारायलाच हवं. सुक्या कोळंबीची पूड भाज्यांच्या रश्श्यातही पडते आणि जोलॉफ बहुधा मांसाच्या स्टॉकमध्ये शिजतो, त्यामुळे ऐन वेळी सांगून काही बदलता येत नाही. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल तर सुयाखेरीज रस्सेही तपासून घ्या. इरू, म्हणजे उग्र वासाच्या आंबवलेल्या बिया, मात्र शाकाहारीच आहे, घाबरू नका.

बिलात बहुतेकदा 12.5 ते 15 टक्के सेवाशुल्क आधीच धरलेलं असतं, वर टिप ठेवायची गरज नाही. खर्च आवरायचा असेल तर दुपारचं जेवण पाहा. आणि या तिखटापुढे तुरट रेड वाइन घेऊ नका, तोंड आणखी पेटतं. किंचित गोडसर व्हाइट घ्या, किंवा अंबाडीच्या जातीतल्या लाल फुलांचं झोबो हे पेय मिळत असेल तर तेच.